सात नंबरच्या बेडवरची परीक्षा

स्क्रीनची चाकं करकरली आणि सात नंबरच्या बेडवरच्या सगुणाबाईंनी किंकाळी फोडली.

"नगं! नगं आणू तो पडदा! मी अजून जित्ती हाय!"

वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांनी माना वळवल्या. स्क्रीन ढकलत आणणारी मुलगी, वत्सला, होती तिथेच थांबली. तिच्या मागे मुंबईहून आलेल्या परीक्षक बाई उभ्या होत्या. हातात पॅड आणि पेन्सिल. त्यांच्या शेजारी मी. वत्सलाची शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा नुकतीच सुरू झाली होती आणि तिची दिलेली वेळ पळायला लागली होती.

मी तेव्हा पिंपरीच्या एका हॉस्पिटलात सिस्टर ट्यूटर होते. म्हणजे नर्स होऊ पाहणाऱ्या मुलींना शिकवणारी नर्स. काळ पन्नासच्या दशकातला. हॉस्पिटल जुन्या बराकींमध्ये होतं. एका बाजूला कॅम्पातली सिंधी वस्ती, दुसऱ्या बाजूला शेतं. मुंबई-पुणे रस्त्यालगत कारखान्यांचं बांधकाम सुरू झालेलं. आमच्याकडे भोसरी, मोशी, चाकणपासूनचे शेतकरी यायचे, कॅम्पातले लोक यायचे आणि बांधकामावरचे मजूरही यायचे. शिकणाऱ्या मुली थोड्याच होत्या. त्यांना प्रोबेशनर म्हणत.

वत्सला त्यांतली एक. गेल्या महिन्यात ती वारली. शोकसभेत तिच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं. ते सगळं खरं होतं. मी बोलले नाही, मला सभेत बोलणं जमत नाही. शिवाय मला जी वत्सला आठवत होती, ती त्या सभेतल्या कोणी पाहिलेली नव्हती. घरी आल्यावर लिहायला घेतलं. रोज थोडं लिहिते.

ती दापोडीची. वडील तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर. साताऱ्याकडून आलेलं कुटुंब. मुलीला नर्सिंगला घातलं म्हणून भावकीतल्या लोकांनी त्यांना बरंच ऐकवलं होतं. एकदा ते मला भेटायला आले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "सिस्टर, पोरगी पास झाली तर मी लोकांना बोलीन. नापास झाली तर लोक मला बोलतील. एवढंच हाय."

आणि वत्सला आधी एकदा नापास झाली होती. लेखी परीक्षेत नाही, प्रॅक्टिकलमध्ये. एका म्हातारीला जेवण भरवायचं होतं. म्हातारीला दात नव्हते. वत्सला प्रत्येक घासानंतर ती चावून गिळेपर्यंत थांबली. वेळ संपली तेव्हा अर्धी वाटी पेज शिल्लक होती. त्या वेळच्या परीक्षकांनी शेरा मारला, 'फार सावकाश'. आमच्या नियमाप्रमाणे प्रॅक्टिकलला दोनदाच बसता येत असे. दुसऱ्यांदा नापास झालेल्या मुलीचं ट्रेनिंग तिथेच संपायचं. हॉस्टेल सोडून तिनं घरी जायचं.

शेरा खोटा नव्हता. वत्सला सावकाशच होती. वॉर्डातली टेंपरेचर घ्यायला पाठवली तर इतर मुलींच्या दुप्पट वेळ लावायची. थर्मामीटर काखेत असताना पेशंट तिच्याशी बोलायचे, आणि थर्मामीटर काढल्यावरही बोलत राहायचे. आमच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, नगरकडच्या ख्रिस्ती बाई होत्या. बोलायला फटकळ, पण मनानं न्यायी. त्या म्हणायच्या, "पोर सोन्यासारखी आहे. फक्त तिचं घड्याळ दुसऱ्या गावाला राहतं."

पण मी एक गोष्ट पाहून ठेवली होती. कुठल्या पेशंटची तब्येत बिघडतेय हे आम्हाला चार्टवरून कळायचं. वत्सलाला ते बऱ्याचदा आधी कळायचं. "सिस्टर, चार नंबर आज भांडली नाही," असं ती येऊन सांगायची. चार नंबरची बाई रोज चहावरून भांडायची. मी जाऊन बघायचे, आणि संध्याकाळपर्यंत तिला ताप चढलेला असायचा. आता नर्सिंग कॉलेजांत याला इमोशनल इंटेलिजन्स म्हणतात आणि त्याचे तास होतात. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीला मार्क देता येत नाहीत.

परीक्षेच्या सकाळी मेट्रननी मुलींना ओळीत उभं करून टोप्या आणि नखं तपासली. "देवाचं नाव घ्या आणि हात धुवा," त्या म्हणाल्या. "परीक्षक बाई आधी हातच बघतात. देवाचं मला माहीत नाही." मुली हसल्या. वत्सला हसली नाही.

चिठ्ठ्या काढल्या. वत्सलाला आला सात नंबरचा बेड. काम असं: अंथरुणावर खिळलेल्या पेशंटला स्पंजिंग करणे, म्हणजे पडल्यापडल्या अंग पुसून आंघोळ घालणे, आणि चादर बदलणे.

सात नंबरवर सगुणाबाई होत्या. मोशीच्या. पन्नाशीच्या पुढच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. बैलगाडीतून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. त्या काळी अशा हाडाला ट्रॅक्शन लावत. पायाला दोरी बांधायची, ती बेडच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडायची आणि टोकाला वजन टांगायचं. वजनानं पाय सतत ओढलेला राहतो आणि हाडाची टोकं सरळ रेषेत जुळतात. कित्येक आठवडे असंच पडून राहायचं. कूस बदलायची नाही. हिसका बसला तर जुळत आलेलं हाड सरकतं, पाय आखूड होतो. सगुणाबाईंच्या घरी शेत होतं. आखूड पायानं वाफ्यात चालता येत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून त्या मुकाट पडून असायच्या. सगळ्यात शहाणा पेशंट. चिठ्ठीत सात नंबर आला तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

त्या सगुणाबाई आता वर टांगलेला हँडल दोन्ही हातांनी धरून उठू पाहत होत्या. पायाकडची दोरी ताणली जाऊन कप्पी कुरकुरत होती.

कारण काय, ते मला एका क्षणात कळलं. वाचकांना मात्र आमच्या वॉर्डची रीत सांगावी लागेल.

स्क्रीन म्हणजे लोखंडी नळ्यांची तीन पानी चौकट. खाली चाकं, नळ्यांना पांढरं कापड. पुस्तकात लिहिलेलं असतं की पेशंटचं अंग उघडं करण्याआधी बेडभोवती स्क्रीन लावा. बरोबरच आहे. पण आमच्या वॉर्डात बेड तीसेक आणि स्क्रीन दोन. रोज पहाटे, डॉक्टर आणि भेटायला येणारे यायच्या आधी, आम्ही दारं लावून घ्यायचो. मोठ्या चादरीखाली हात घालून एकेकीचं अंग पुसायचो. सगळा बायकांचाच वॉर्ड, कोणी हरकत घेत नसे. त्यामुळे स्क्रीन व्हरांड्यात पडून असत. ते आत यायचे दोनच वेळा. एक, पेशंट शेवटच्या घटका मोजत असेल तेव्हा. आणि दुसरी, परीक्षेला.

परीक्षा वर्षातून एकदा. मरणं त्याहून जास्त. परीक्षेच्या दिवशी मात्र सगळं पुस्तकाप्रमाणे करायचं.

त्याच आठवड्यात सगुणाबाईंच्या शेजारच्या, आठ नंबरच्या बेडभोवती स्क्रीन लागला होता. दिघीची एक म्हातारी हृदयाच्या दुखण्यानं गेली. तिच्या आधी समोरच्या रांगेतली एक गेली. वॉर्डातल्या बायका आपसात 'पडदा आला' असंच म्हणायच्या. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. सगुणाबाईंना मान वळवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही वेळा सगळं पाहिलं होतं. आता पडदा त्यांच्याकडे येत होता, आणि मागे पांढऱ्या साडीतली एक अनोळखी बाई कागदावर काहीतरी लिहीत होती.

मी तोंड उघडू शकत नव्हते. परीक्षेत ट्यूटरनं बोलायचं नाही, असा कडक नियम. बोलले असते तर वत्सलाचा पेपर रद्द झाला असता.

वत्सला पुढे झाली आणि सगुणाबाईंचा खांदा धरला. "मावशी, काही नाही हो. नुसतं अंग पुसायचंय."

"तिलाबी असंच म्हणाला होता तुमी!" सगुणाबाईंनी आठ नंबरकडे हात केला. "आंग पुसायचंय, आंग पुसायचंय! मग कुठं गेली ती? सांग की!"

वत्सलाचा हात त्यांच्या खांद्यावरून निघाला. कारण ते खरं होतं. आठ नंबरच्या म्हातारीला स्क्रीन लावताना आम्ही तेच वाक्य म्हटलं होतं. घाबरू नये म्हणून.

"माझ्या पोरीला हाक मारा! मंजुळे! ए मंजुळे!"

मंजुळा, सगुणाबाईंची लेक, दाराबाहेर बसलेली होती. परीक्षेमुळे नातेवाइकांना आत मज्जाव. ती दारातून डोकवायला लागली आणि तीही रडायला लागली. समोरच्या रांगेतल्या एका बाईनं देवाचा धावा सुरू केला. अजून थोडं असंच चाललं असतं तर सगळा वॉर्ड हाताबाहेर गेला असता.

परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "प्रोसीड, नर्स."

दुसरी कुठलीही मुलगी असती तर तिनं काय केलं असतं, ते मी सांगू शकते. मदतीला दिलेल्या ज्युनियरला सगुणाबाईंचे हात धरायला लावले असते, स्क्रीन ओढून घेतला असता आणि झटपट स्पंजिंग उरकलं असतं. परीक्षेत ते चालून जायचं. पेशंट ओरडला याचे मार्क कापत नसत. पायरी चुकली की कापत.

वत्सलानं भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं. मग तिनं स्क्रीन उलटा फिरवला आणि सगुणाबाईंकडे पाठ करून चालायला लागली.

परीक्षक बाईंच्या भुवया वर गेल्या. मुलगी परीक्षा सोडून चाललीय, असं मला वाटलं.

ती गेली समोरच्या रांगेत, गोपीबाईंच्या बेडपाशी. गोपीबाई कॅम्पातल्या. अंगावर सूज येऊन दाखल झाल्या होत्या, आता ठणठणीत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडायचं होतं. बेडवर मांडी घालून वेणी घालत बसल्या होत्या. वॉर्डातली सर्वांत बोलकी बाई. मराठी समजायचं, बोलताना हिंदी-मराठीची सरमिसळ.

"भाभी," वत्सला म्हणाली, "हा जरा तुमच्याभोवती लावू?"

गोपीबाईंनी स्क्रीनकडे बघितलं, सगुणाबाईंकडे बघितलं, आणि फणी केसांत तशीच खोचून म्हणाल्या, "लगाओ, लगाओ. मैं भी देखूँ, अंदर क्या है."

वत्सलानं तिन्ही पानं उघडून त्यांच्याभोवती लावली. गोपीबाई दिसेनाशा झाल्या. धावा करणारी बाईसुद्धा थांबली.

आतून आवाज आला, "अरे, यहाँ तो कुछ नहीं है. यमराज भी नहीं. अकेली बैठी हूँ."

कोणीतरी फिसकन हसलं.

"सगुणाबाई!" गोपीबाई आतून ओरडल्या. "सुनती हो? कापडाला भोक आहे इथे. तुमचा पाय दिसतो मला. क्या मोटा पाय है!"

"तुझाच मोटा!" सगुणाबाईंच्या तोंडून निघून गेलं. त्यांचे हात अजून हँडलवर होते, पण खांदे गादीला टेकले होते. पायाकडची कप्पी कुरकुरायची थांबली.

सगळा वॉर्ड हसायला लागला. गोपीबाई स्क्रीन बाजूला सारून बाहेर आल्या, दोन्ही हात पसरून. "देखो, जिंदा!" आणि पुन्हा वेणी घालायला बसल्या.

वत्सला स्क्रीन घेऊन परत आली. या वेळी तो तिनं बेडपासून लांबच उभा केला आणि सगुणाबाईंच्या उशापाशी वाकली.

"मावशी, हा कुठं लावू, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तिथं."

सगुणाबाईंनी स्क्रीनकडे बघितलं, मग दाराकडे. घड्याळ चाललं होतं. मला त्याची टिकटिक ऐकू येत होती. वत्सला वाकलेलीच होती. तिनं पुन्हा विचारलं नाही.

"तोंडाकडनं उघडा ठेव," शेवटी सगुणाबाई म्हणाल्या. "मला दार दिसू दे. दारात माझी पोर दिसू दे."

"ठेवते."

पानं तिनं छातीपासून पायापर्यंत लावली. डोक्याकडची बाजू मोकळी. दारात उभ्या मंजुळेला तिनं हातानं तिथंच थांबायची खूण केली. मग ज्युनियरला पाणी आणायला सांगितलं. आधीचं थंड झालेलं ओतून दिलं, दुसरं कोमट आणलं. चेहरा पुसला, मान पुसली, एक हात पुसला. सगुणाबाई डोळे मिटत नव्हत्या. दाराकडे बघत होत्या.

दुसरा हात पुसायला घेतला आणि परीक्षक बाई म्हणाल्या, "टाइम."

वत्सलानं फडका खाली ठेवला. सगुणाबाईंच्या अंगावर कोरडी चादर ओढली आणि मग बाजूला झाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

ऑफिसात आम्ही तिघी बसलो. परीक्षक बाई, मेट्रन आणि मी. परीक्षक बाईंनी पॅड टेबलावर ठेवलं.

"स्पंजिंग अपूर्ण. चादर बदलली नाही. स्क्रीन अर्धवट, म्हणजे प्रायव्हसीची पायरी चुकली. मध्येच दुसऱ्या पेशंटकडे गेली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ट्यूटर. तुम्हीच सांगा, मी मार्क कशाला देऊ?"

"पेशंटच्या मनाची तयारी," मी म्हणाले. "प्रत्येक प्रोसिजरची पहिली पायरी तीच असते. आपल्या पुस्तकात आहे. मुली एक वाक्य म्हणतात आणि पुढे जातात. तिनं सगळा वेळ त्या पायरीला दिला, कारण आज ती एका वाक्यात होण्यासारखी नव्हती."

"त्या पायरीला मार्क दोन आहेत."

"माहीत आहे."

मेट्रन म्हणाल्या, "त्या बाईचा पाय हलला असता तर बाकीचे मार्क तुम्ही कोणाला देणार होतात? मला की डॉक्टरांना?"

"मेट्रन, मी भावनेवर मार्क देत नाही."

"देऊ नका. पायावर द्या. डॉक्टरांना बोलावते, ट्रॅक्शन तपासू देत."

डॉक्टर आले, जाऊन बघून आले. पाय जागेवर होता. परीक्षक बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मुलीला आत पाठवा. तोंडी बाकी आहे."

वत्सला आत आली. डोळे लाल होते पण आवाज ठीक होता.

"स्क्रीन कशासाठी लावतात?"

"पेशंटची लाज राखायला."

"मग तू अर्धा का ठेवलास?"

"त्यांना लाजेपेक्षा भीती जास्त होती, मॅडम. भीती असते तोवर माणसाला लाज आठवत नाही. भीती गेली असती तर त्यांनीच लावून घेतला असता."

"असं तुला वाटतं."

"हो."

"घेतला का लावून?"

"नाही. वेळ संपली."

परीक्षक बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. वत्सला म्हणाली, "मॅडम, मी जाऊ का? त्या अर्ध्या ओल्या आहेत. पाठ राहिलीय. मार्कांसाठी नाही विचारत."

मेट्रननी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्यांना हसू आलं की तसं करायच्या.

"जा," परीक्षक बाई म्हणाल्या. वत्सला दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी विचारलं, "मदतीला कोण आहे?"

"ज्युनियर जेवायला गेल्यात. मी करीन एकटी."

"ट्रॅक्शनच्या पेशंटची चादर एकटीनं बदलत नाहीत. कुठल्या वर्षाला शिकवतात हे?" असं म्हणून त्या उठल्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. आम्हीही मागोमाग गेलो.

स्क्रीन होता तसाच होता, तोंडाकडून उघडा. मंजुळा आता आत येऊन उशाशी बसली होती. वत्सलानं पाणी आणलं. राहिलेला हात पुसला, पोट पुसलं, चांगला पाय पुसला. बोलणं काही विशेष नाही. मोशीला पाऊस किती, बैलांना कोण बघतंय, असंच. मग पाठ. सगुणाबाईंनी वरचा हँडल धरून अंग उचलायचं आणि तेवढ्यात एकीनं पाठ पुसायची, दुसरीनं जुनी चादर ओढून नवी सरकवायची, अशी पद्धत. परीक्षक बाई पलीकडच्या बाजूला जाऊन बाह्या सावरून उभ्या राहिल्या.

"तू नवी दिसतीस," सगुणाबाई त्यांना म्हणाल्या. "हळू वड बाय. पाय हाय तिकडं."

"हळूच ओढते," परीक्षक बाई म्हणाल्या.

वत्सलानं पाठीवरून चोळी सोडली. सगुणाबाईंनी हँडल धरला, अंग उचलायच्या तयारीत आल्या, आणि थांबल्या. मान वळवून त्यांनी रांगेकडे बघितलं. गोपीबाई बघत होत्या. बाकीच्याही बघत होत्या.

"आगं, लाव की तो पडदा नीट!" त्या वत्सलावर खेकसल्या. "साऱ्या बायकांम्होरं पाठ उघडी टाकतीस व्हय माझी? आन् मंजुळे, तू काय बघतीस? व्हय बाहेर!"

मंजुळा बाहेर झाली. वत्सलानं डोक्याकडचं पान ओढून घेतलं. मेट्रन धरून चौघी आत आणि मी बाहेर. स्क्रीनच्या कापडाआडून पाण्याचा आवाज येत राहिला, आणि सगुणाबाईंचा. आठ नंबरची म्हातारी कशी होती, ते त्या सांगत होत्या. तिला तपकीर लागायची, लपवून ठेवायची, सिस्टरांना कधी सापडली नाही. मला खरंच सापडली नव्हती.

त्या क्षणी मला वत्सलाचा जो अभिमान वाटला, तो मी तिला कधी बोलून दाखवला नाही. आमच्या काळी ट्यूटरनं तसं बोलायची पद्धत नव्हती. तिला ते कळलं असावं. तिला अशा गोष्टी कळत.

ऑफिसात परत आल्यावर परीक्षक बाईंनी पॅड पुढे ओढलं.

"वेळेनंतर जे झालं त्याचे मार्क मी देणार नाही. ते खोटं होईल."

"होय," मी म्हणाले.

"पण वेळेत जे चाललं होतं ते काय होतं, हे मला वेळेनंतर कळलं. प्रायव्हसीची पायरी चुकली असं मी लिहिलं होतं. ती चुकली नव्हती. पुढे ढकलली होती." त्यांनी एक ओळ खोडली आणि वर दुसरी लिहिली. "पेशंटची सुरक्षितता, पूर्ण. मनाची तयारी, दोनपैकी दोन. मला जास्त देता येत नाहीत. स्पंजिंगचे जेवढे झाले तेवढेच. चादरीचा शून्य."

"पास होते का?" मेट्रननी विचारलं.

"ते परीक्षा मंडळ कळवेल," परीक्षक बाई म्हणाल्या. जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे स्क्रीन किती आहेत?"

"दोन."

"आणि ते एरवी कुठं असतात?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गाडी पकडायला गेल्या.

निकाल आला. वत्सला पास झाली, अगदी काठावर. तिच्या बॅचमध्ये तिच्याहून कमी मार्क कोणालाच नव्हते. वडील पेढे घेऊन आले आणि मेट्रनना म्हणाले, "शेवटचा नंबर हाय म्हणतात." मेट्रन म्हणाल्या, "हो. पण परीक्षक बाईंना बाह्या सावरायला लावणारी तेवढी एकच." त्यांना काही समजलं नाही, पण ते खूश होऊन गेले. सगुणाबाई काठी टेकत घरी गेल्या. पाय आखूड झाला नाही.

पुढे वत्सलानं चाळीसएक वर्षं नोकरी केली. ती किती मोठी झाली, हे सभेत सांगून झालंय. मी फक्त वॉर्डाचं सांगते. त्या परीक्षेनंतर मेट्रननी दोन्ही स्क्रीन व्हरांड्यातून आत आणले आणि परत बाहेर जाऊ दिले नाहीत. रोज सकाळी ते एकेका बेडला लागायचे, कधी केस विंचरायला, कधी नुसतं लुगडं बदलायला. महिन्याभरानं त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नसे.

मनाच्या तयारीच्या पायरीला मंडळाच्या परीक्षेत नंतरही बरीच वर्षं दोनच मार्क होते. मी निवृत्त होईपर्यंत वर्गात तिला अख्खा आठवडा देत असे. त्यामुळे आमच्या मुली इतर ठिकाणच्या मुलींपेक्षा थोड्या सावकाश असत. त्याबद्दल माझ्याकडे तक्रारी येत आणि मी त्या फाइल करत असे.